किल्लीच्या बदल्यात किल्ली

माझा मुलगा भिडस्त आहे. किती, तर दारात पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा आला तेव्हा घरात एक यंत्र असताना यानं दुसरं घेतलं. कारण काय, तर "आई, तो एवढे जिने चढून आला होता गं." भीड ही भिकेची बहीण, असं मी त्याला लहानपणापासून सांगत आले. तो त्यालाही हो म्हणत आला.

सून बरोबर उलटी. ती पडदे शिवते. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचा कारखाना. दोन मशिनं, हाताखाली दोन बाया आणि छतापर्यंत रचलेली कापडाची थानं. रोज गिऱ्हाइकांशी गाठ असल्यामुळे समोरच्या माणसाला काय हवंय आणि तो काय लपवतोय, हे तिला तो खुर्चीत टेकायच्या आत कळतं. मी आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होते, शेवटी वॉर्डची मुख्य झाले, त्यामुळे आम्हा दोघींचं बरं जमतं. भांडतो, पण समोर तिसरं कुणी आलं की एका बाजूला होतो.

गाडी घ्यायचं ठरलं ते तिच्या धंद्यासाठी. आमची जुनी लाल गाडी इवलीशी. पडद्याच्या दांड्या घातल्या की अर्ध्या खिडकीबाहेर, आणि मी मागे बसले तर एक दांडी कायम माझ्या कानाशी. सुनेला हवी होती साधी, पोट मोठं असलेली गाडी. मागची सीट आडवी पडली पाहिजे, बाकी काही नसलं तरी चालेल.

निघताना तिनं नवऱ्याला समोर उभं केलं. "हे बघ, आज नुसतं बघायचं. बसून बघायचं, चालवून बघायची, घरी यायचं. कुठेही सही नाही. आणि बोलायचं मी."

"हो," मुलगा म्हणाला.

"आणि हो म्हणायचं नाही."

"हो," तो म्हणाला. मी कपाळावर हात मारला.

शोरूम म्हणजे नुसती काच. आत इतकं गार की शाल आणली असती तर बरं झालं असतं. फरशी अशी चकचकीत की मी मुलाचा दंड धरूनच चालले. दार आमच्यामागे बंद व्हायच्या आत एक तरुण हजर झाला. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात निळा टाय, आणि चेहऱ्यावर हसू असं की बहुतेक इस्त्रीच्या वेळीच शर्टाबरोबर घडी घालून ठेवत असावा. त्याला मी मनात टायवाला म्हणून टाकलं.

"या सर! या आजी! मॅडम, सांभाळून. काय घेणार? चहा, कॉफी, काही थंड?"

"गाडी बघायची होती," सून म्हणाली.

"सर, अगदी योग्य दिवशी आलात," तो मुलाला म्हणाला.

मग सगळं सरांनाच चाललं. सुनेनं कोपऱ्यातल्या साध्या पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं, तर टायवाल्यानं आम्हाला मधोमध उभ्या असलेल्या उंच, काळ्या गाडीपाशी नेलं. तिच्या छताला खिडकी होती. बटण दाबलं की छत सरकायचं.

"आजी, आतून आकाश दिसतं!"

"आमच्या गच्चीतूनही दिसतं," मी म्हटलं. "आणि गच्चीला पेट्रोल लागत नाही."

तो मनापासून हसला, पण ऐकलं नाही. सून म्हणाली, "मला त्या पांढऱ्या गाडीची मागची सीट आडवी पडते का ते बघायचंय."

"मॅडमना रंग कुठला आवडतो?" त्यानं मुलाला विचारलं.

सुनेनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला ठाऊक आहे. फिटिंग चुकवणाऱ्या कारागिराला काही बोलायच्या आधी ती असंच बघते.

तेवढ्यात घोटाळा झाला. सून पांढऱ्या गाडीची डिकी उघडायला गेली आणि टायवाल्यानं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, जुनी गाडी आणलीय ना? किल्ली द्या. आमचा माणूस नुसती किंमत काढून ठेवतो. पाच मिनिटं." सून वळून बघते तोवर किल्ली आमच्या हातून गेली होती.

"का दिलीस?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"पाच मिनिटं म्हणाला गं."

ती पाच मिनिटं कुठल्या पंचांगातली होती कोण जाणे. आम्हाला एका गोल टेबलाशी बसवलं. कॉफी आली. पुन्हा कॉफी आली. टायवाला कागदावर आकडा लिही, त्याभोवती गोल करी, खोडून त्याखाली दुसरा लिही, आणि दर वेळी असा चेहरा करी जणू स्वतःची किडनी काढून देतोय. सून म्हणाली, "ठीक आहे, आम्ही विचार करून कळवतो. किल्ली द्या."

"हो, हो, आत्ता आणतो." तो गेला, आणि परत आला तो हात हलवत. "मॅडम, किल्ली वर्कशॉपमध्ये आहे. ज्याच्याकडे आहे तो चहाला गेलाय."

पुढच्या वेळी उठलो तेव्हा किल्ली साहेबांच्या टेबलावर होती आणि साहेब मीटिंगमध्ये होते. मग साहेब स्वतःच आले. भरगच्च देहाचा माणूस. त्यांनी खुर्ची मुलाच्या इतकी जवळ ओढली की दोघांचे गुडघे टेकले.

"सर, तुमच्याकडे बघूनच कळतं, तुम्ही साधी गाडी चालवणारी माणसं नाही," ते म्हणाले. मुलगा कॉलेजात भूगोल शिकवतो आणि गाडीत बसला की झोपतो. पण हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की कोण खाली बघतं? त्यानं पाठ ताठ केली. "ही किंमत फक्त आजची. उद्या मी स्वतः मागितली तरी मला मिळणार नाही. आणि खरं सांगू? संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय, ह्याच गाडीसाठी."

"त्यांना देऊन टाका," सून म्हणाली. "आमची किल्ली तेवढी द्या."

साहेब हसले. टायवाला हसला. मुलगाही हसला, सवयीनं. किल्ली काही आली नाही. उलट एका मुलीनं पुठ्ठ्याची, सोनेरी रंगाची, माझ्या हाताएवढी लांब किल्ली आणून माझ्या मांडीवर ठेवली. गाडी घेतल्यावर फोटो काढतात म्हणे, ती हातात धरून. आत्तापासूनच सराव!

मी आयुष्यात पुष्कळ पेशंट बघितले. जे पलंगावरून उठू नयेत असं वाटे, त्यांच्या चपला आम्ही पलंगाखालून काढून ठेवायचो. माणूस अनवाणी फार लांब जात नाही. हे लोक तेच करत होते, आणि आम्ही तर धडधाकट होतो.

मी सुनेच्या कानाशी लागले. "अगं, ह्यांनी आपल्या चपला लपवल्यात."

तिनं माझ्या मांडीवरच्या पुठ्ठ्याच्या किल्लीकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर इतकं गोड हसू आलं की मला मुलाचं लग्न आठवलं. ती टायवाल्याकडे वळली. "बरं, ती पांढरी गाडी चालवून बघायला मिळेल का?"

टायवाला ताडकन उठला. साहेबांनी त्याला डोळ्यानं खूण केली. मासा गळाला लागला, असं त्या दोघांना वाटलं.

चालवून बघायची पांढरी गाडी बाहेर उभी होती. सून चालवायला बसली. मुलाला तिनं शेजारी बसवलं. टायवाला मागे, माझ्याजवळ.

"इथून सरळ जाऊन चौकातून उजवीकडे वळायचं, मॅडम. मोठी फेरी मारून परत."

चौक आला. सून डावीकडे वळली.

"मॅडम, उजवीकडे..."

"मी रोज ह्या रस्त्यानं जाते," ती म्हणाली. "गाडी माझ्या रोजच्या रस्त्यावर कशी चालते ते बघायला नको का? पाच मिनिटं."

मी खिडकीबाहेर बघू लागले. ह्या वयात चेहरा सरळ ठेवणं कठीण जातं.

पहिला मुक्काम कापडाच्या ठोक व्यापाऱ्याकडे. सुनेची थानं तयार होती. तिनं मागची अर्धी सीट पाडली, ती अगदी आडवी पडली, आणि ती "वा!" म्हणाली. टायवाल्यानंही नकळत "वा!" म्हटलं. मग त्यानं थानं उचलायला हात लावला. लावायलाच लागला, कारण दुकानदारानं त्याला सुनेचा नवा माणूस समजून एक थान थेट त्याच्या खांद्यावर ठेवलं. गाडी सुटली तेव्हा तो माझ्या शेजारी अंग चोरून बसला होता आणि कापडाचं टोक त्याच्या गालाला टेकत होतं.

"आवाज किती कमी आहे बघा इंजिनाचा," तो म्हणाला. धंदा सोडला नव्हता पठ्ठ्यानं.

"हो ना," मी म्हटलं. "तुम्ही गप्प बसलात की जास्तच छान ऐकू येईल."

त्याचा फोन वाजला. साहेब होते. "सर, मॅडम अजून बघतायत... हो... नाही, जरा लांब... कापड..." त्यानं फोनवर हात ठेवला. "मॅडम, साहेब विचारतायत, किती वेळ लागेल?"

"सांगा, पाच मिनिटं."

दुसरा मुक्काम एका गिऱ्हाइकाचं घर. वरचा मजला, लिफ्ट बंद. सून दांड्या घेऊन पुढे, टायवाला पिशव्या घेऊन मागे. मी आणि मुलगा गाडीत बसून होतो. मुलगा अस्वस्थ. "आई, बिचाऱ्याला किती त्रास गं. आपण आता परत जाऊ या का?"

"तुझ्या गाडीची किल्ली कुठाय?" मी विचारलं.

त्यानं रिकाम्या खिशावर हात ठेवला.

टायवाला खाली आला तेव्हा टाय सैल होऊन पाठीवर गेला होता. घामानं शर्टाची इस्त्री उतरली होती आणि तिच्याबरोबर ते हसूही. खरं सांगायचं तर त्याचा मूळचा चेहरा जास्त चांगला होता. तो खिडकीशी वाकला आणि मुलाला म्हणाला, "सर, तुम्ही तरी मॅडमना सांगा ना, आता परत फिरू या. सांगता ना?"

मुलाचे ओठ 'हो'साठी गोल झालेले मी स्वतः बघितले. मग ते तसेच थांबले.

"नाही," तो म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला की कोण बोललं म्हणून त्यानंच आजूबाजूला बघितलं. मग सरावासाठी पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. "नाही, नाही सांगणार." आणि जिन्यातून येणाऱ्या बायकोकडे असा बघायला लागला जणू परीक्षेत पहिला आलाय.

तिसरा मुक्काम आमचं घर. सुनेनं गाडी फाटकाच्या आत लावली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. टायवाला म्हणाला, "मॅडम, आता गाडी परत न्यायला हवी."

"हो, हो. आमच्या बाया आधी तिची किंमत काढतील. तुम्ही आत या. काय घेणार? चहा, कॉफी, काही थंड?"

बाया टेप घेऊन गाडीत शिरल्या आणि आडवं-उभं मोजू लागल्या. टायवाल्याला सुनेनं कापडांच्या मध्ये बसवलं. कॉफी दिली. पुन्हा कॉफी दिली. किल्ली मागितली की ती कधी मशिनवाल्या बाईकडे असायची, आणि बाई दोरा आणायला गेलेली असायची, तर कधी माझ्याकडे असायची, आणि मला ऐकू यायचं नाही. मग सुनेनं एक पिवळसर कापड त्याच्यासमोर उलगडलं.

"हे तुमच्यासाठी. तुमच्याकडे बघूनच कळतं, तुम्ही साधे पडदे लावणारी माणसं नाही. ही किंमत फक्त आजची. आणि हे शेवटचं थान. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय."

टायवाल्यानं कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. आणि जे हसायला लागला, ते थांबेचना. टाय काढून त्यानं खिशात कोंबला.

"मॅडम, किल्ली ठेवून घ्यायचं आम्हाला शिकवतातच," तो डोळे पुसत म्हणाला. "गिऱ्हाईक जागचं हलत नाही म्हणतात. साहेब रोज विचारतात, आज किती जणांना बसवून ठेवलंस?"

"आणि तुम्हाला कुणी असं बसवलं तर?"

"आज कळलं ना." मग तो कापडावरून हात फिरवत म्हणाला, "पण खरंच चांगलंय हो हे. आमच्या खिडक्यांना अजून वर्तमानपत्रं चिकटवलीयत. नवीन संसार आहे. बायको रोज ओरडते."

त्याच वेळी खाली हॉर्न वाजला. बाल्कनीतून बघतो तर आमचीच लाल गाडी! आणि आत चालवायला बसलेले भरगच्च साहेब. गाडीतल्या कागदांवरून पत्ता काढून यावं, आमची गाडी आम्हाला देऊन आपली लगेच ताब्यात घ्यावी, असा त्यांचा विचार असणार. विचार चांगला होता. पण त्या गाडीची एक खोड आहे. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार आतून उघडत नाही, आणि त्या बाजूची काच खाली करायची मूठ केव्हाच तुटून पडलीय. सून सडपातळ, ती शेजारच्या सीटवर सरकून पलीकडून उतरते. साहेबांच्या देहाला ते जमण्यासारखं नव्हतं. ज्यांनी दुपारभर आमच्या गाडीची तपासणी चालवली होती, त्यांना एवढंही कळलं नव्हतं. यावरून काय ती तपासणी ओळखा.

साहेबांनी दार ढकललं. काच ठोठावली. गियरवरून पलीकडे जायचा एक प्रयत्न केला आणि अर्ध्यातून मागे आले. तोवर आम्ही सगळे खाली पोचलो होतो. आजूबाजूच्या बाल्कन्या भरल्या.

साहेब काचेआडून काहीतरी बोलले.

"ऐकू येत नाही!" सून म्हणाली. "मोठ्यांदा बोला!"

"दार उघडा!"

"उघडते हो. किल्ली एवढा वेळ का ठेवली होती?"

"तो आमचा नियम आहे!"

"काय?"

"नियम!" साहेब घसा ताणून ओरडले. "गिऱ्हाइकानं उठून जाऊ नये म्हणून!"

समोरच्या बाल्कनीतली बाई म्हणाली, "अगं बाई!" वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "कुठलं शोरूम म्हणालात?" साहेबांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा आमच्या गाडीच्या रंगाचा झाला.

"माफ करा!" ते ओरडले. "चूक झाली! किल्ली मागितल्याबरोबर द्यायला हवी होती!"

सुनेनं पुढे होऊन दार उघडलं. साहेब बाहेर आले, रुमालानं मान पुसली आणि मुकाट्यानं आमची किल्ली पुढे केली. सुनेनं त्यांची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. अगदी नम्रपणे, दोन्ही हातांनी.

साहेब तसेच जाते तर बरं दिसलं असतं. पण खोड जात नाही. त्यांनी मुलाला विचारलं, "मग सर, गाडी आवडली ना? आजच बुक करून टाकू या?"

सगळ्या बाल्कन्यांनी मुलाकडे बघितलं.

"नाही," मुलगा म्हणाला. आता त्याला चटक लागली होती.

आठवडाभरानं टायवाल्याचा फोन आला. "मॅडम, पांढऱ्या गाडीची खरी किंमत सांगतो, एकदाच सांगतो, आणि फोन ठेवतो. पटली तर या." त्यानं आकडा सांगितला आणि खरंच फोन ठेवला. सुनेनं इतर ठिकाणी चौकशी केली होती. त्यांच्यापेक्षा तो कमी होता. आम्ही गेलो आणि ती घेतली. छताला खिडकी नाही, जास्तीचं काही नाही, कॉफीसुद्धा घेतली नाही. जुन्या गाडीची किल्ली सुनेनं पदराच्या गाठीला बांधून नेली होती. ती काही कुणी मागितली नाही. साहेब म्हणे मीटिंगमध्ये होते.

मग एका रविवारी तो बायकोला घेऊन पडदे बघायला आला. बायको लहानखुरी, शांत, आवाज असा की पुढे झुकून ऐकावा लागे. सुनेनं ते पिवळसर कापड काढलं आणि भाव सांगितला. बायकोनं कापड दोन बोटांत धरलं, उजेडात नेलं, घडी घालून खाली ठेवलं. काही बोलली नाही. सुनेनं न विचारताच थोडे कमी केले. बायको म्हणाली, "छान आहे हो," आणि पर्स खांद्याला लावली. सुनेनं शिलाई कमी केली. बायको चपला घालायला लागली. "बरं, येते मग." ती दारापर्यंत गेली. जिन्यात गेली. सून उठून तिच्या मागे जिन्यात गेली, आणि इतक्या वर्षांत हे मी कधी बघितलं नव्हतं.

टायवाला खुर्चीत हाताची घडी घालून बसला होता. त्यानं माझ्याकडे बघून एक डोळा मिटला.

दांड्या फुकट, फिटिंग फुकट, आणि वर उशांचे दोन अभ्रे देऊन सौदा मिटला. दोघं गेली. सून मशिनवर बसली, सुईत दोरा ओवायला गेली आणि तशीच थांबली.

"आई," ती म्हणाली, "पुढच्या वेळी गाडी घ्यायला हिलाच घेऊन जाऊ."